रोज सकाळी एकदा चावी

गाडीने त्या सकाळी नुसतं 'खट्' केलं.

वहिनीने पुन्हा चावी फिरवली. पुन्हा 'खट्'. तिसऱ्यांदा तेवढंही नाही. समोरचा लाल दिवा क्षणभर मिणमिणला आणि विझला. उघड्या दारातून ती अर्धी आत, अर्धी बाहेर अशी वाकलेली. कंबर भरून आली होती आणि डोक्यात एकच प्रश्न होता, आता आत जाऊन काय सांगायचं?

सांगायची वेळच आली नाही. "अगं!" खिडकीतून हाक आली. "सुरू का नाही झाली?"

राहायला तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीला लागून पलंग आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर गाडी. लपवाछपवीला जागा म्हणून नाही. पलंगावर जो माणूस पडलेला होता, त्याने उभं आयुष्य टॅक्सी चालवलेली. सगळी गल्ली त्याला उस्ताद म्हणायची आणि उस्तादची बायको म्हणून ती सगळ्यांची वहिनी. गेल्या हिवाळ्यात त्याला झटका आला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला, जीभ जड झाली. कान मात्र शाबूत. इतके शाबूत, की शेजाऱ्याच्या गाडीचा पट्टा सैल झालाय हे पलंगावरून सांगायचा. ते खरं निघालं की दिवसभर स्वारी खूश.

दवाखान्यातून घरी आल्या आल्या त्याने हुकूम सोडला होता. "रोज सकाळी एकदा चावी फिरवायची. गाडी जिवंत राहते. मी उठेपर्यंत सांभाळ."

तिने सांभाळली. अंगात कणकण असली तरी उठायची. चावी, घरघर, मिनिटभर थांबायचं, बंद. मिनिटभरच, कारण वरच्या मजल्यावरच्या काकू धुराच्या नावाने खिडकीतून आरडाओरडा करायच्या. इकडे इंजिन घरघरलं की तिकडे उस्ताद उशीखालचा रबरी चेंडू उजव्या हातात घेऊन दाबायला लागायचा. "गाडी चालू, मी चालू," असं तो व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना ऐकवायचा. चेंडू झाला की भिंतीला धरून उभं राहणं, मग काठी, मग दारापर्यंत. बाई म्हणायच्या, असा जिद्दीचा पेशंट बघितला नाही.

एकच गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नव्हती. डॉक्टरांनी वहिनीला आणि धाकट्या दिराला बाहेर बाकापाशी बोलावून सांगितलं होतं, "चालतील, जेवतील, बोलतील. गाडी चालवणं मात्र विसरा." दोघांनी माना डोलावल्या आणि तेव्हापासून दोघंही मूग गिळून बसले होते.

"बॅटरी गेली वाटतं," ती आत येऊन म्हणाली.

"जाईल कशी? रोज चावी फिरवत होतीस ना?"

"फिरवत होते."

"एखाद्या दिवशी चुकवली असशील."

"अहो, एक दिवस चुकवली नाही!"

"मग जाईल कशी? माझ्या हातात इतकी वर्षं गाडी, एकदा बॅटरी बसली नाही. तुझ्या हातात दिली आणि..." पुढचं त्याने गिळलं. पण नवऱ्याने गिळलेलं बायकोला ऐकू येतंच की! ती फणकाऱ्याने काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. चेंडू उशीखालीच राहिला.

व्यायामवाल्या बाई आल्या, गोड बोलल्या, रागे भरल्या, शेवटी घड्याळ बघून निघाल्या. जाताना दारात हळूच म्हणाल्या, "हे असं चाललं तर हात आखडेल हो. इतके महिने कमावलेलं सगळं पाण्यात जाईल."

दुपारी दीर आला. त्याचं नळदुरुस्तीचं काम. माणूस वाईट नव्हता, फक्त प्रत्येक दुखण्यावरचा उपाय खिशात घेऊन फिरायचा. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरीवर टकटक केलं आणि पान्याने वायरींचे नट सोडवता सोडवता आवाज खाली आणला.

"वहिनी, हीच वेळ आहे. माझ्याकडे गिऱ्हाईक आहे. उद्या संध्याकाळी येऊन गाडी ओढून नेतो म्हणतो. बॅटरी द्या भंगारात आणि गाडी द्या त्याला. दादाला सांगायचं, बॅटरी मेली, मागोमाग इंजिनही बसलं. दोन दिवस रुसेल, मग विसरेल."

"विसरेल? तुमचा दादा?"

"मग तुम्ही सांगा त्याला खरं काय ते."

तिने आतून पिशवी आणली. त्याने बॅटरी उचलून तिच्या बाजारच्या चाकांच्या पिशवीत उभी ठेवली, "आडवी करू नका, अॅसिड सांडेल," एवढं बजावलं आणि काढता पाय घेतला.

बॅटरीवाल्याचं दुकान म्हणजे लांबट, अंधारी खोली. भिंतीला फळ्या, फळ्यांवर वायरी लावलेल्या बॅटऱ्यांची रांग आणि नाकात झोंबणारा आंबूस वास. बॅटरीवाला अंगाने जाडा, तोंडाने बडबड्या, चष्मा कायम कपाळावर. त्याने वरची सगळी झाकणं उघडली, आत टॉर्च मारला, रबरी फुग्याची काचेची नळी एकेका भोकात घालून पाणी ओढून बघितलं.

"अरेरे! काय हाल केलेत हिचे! प्लेटांवर पांढरा थर बसलाय. उपाशी ठेवली की असंच होतं."

"उपाशी कुठे ठेवली? रोज गाडी चालू करत होते मी!"

"किती वेळ?"

"मिनिटभर."

"आणि मग एक फेरी मारून आणत होता?"

"छे! मला कुठे येते गाडी? लगेच बंद करायचे."

त्याने कपाळावर हात मारला, तो चष्म्यावरच बसला. "बाई, गाडी चालू करताना बॅटरी वाटीभर देते. मिनिटभरात तिला परत मिळतं चमचाभर. रोज वाटी काढायची आणि चमचा घालायचा, किती दिवस पुरणार ती? वायर सोडून नुसती ठेवली असतीत तरी यापेक्षा बरी राहिली असती. हा सल्ला दिला कुणी?"

"आमच्या ह्यांनी. टॅक्सी चालवायचे."

बॅटरीवाला पोट धरून हसला. "टॅक्सीवालाच असं सांगणार! अहो, त्यांनी सकाळी चावी फिरवली की गाडी दिवसभर पळत असणार. बॅटरी भरते ती पळण्याने. त्यांना वाटलं, चावीनेच भरते. बिचाऱ्यांना गाडी उभी ठेवायचा सराव नाही!"

वहिनीला हसू आलं नाही. रोज सकाळी कंबर मोडून जे जिवंत ठेवतोय असं वाटत होतं, ते आपण आपल्याच हाताने मारत होतो? आणि वर बोलणी कुणी खाल्ली? आपणच! तिला असा राग आला, की समोरच्या बॅटरीवाल्याने हसू आवरलं.

"हे बघा," तो जरा नरमाईने म्हणाला, "दोन रस्ते आहेत. मी हिला हळूहळू चार्जिंगला लावतो, उद्या दुपारपर्यंत. जीव धरला तर धरला. नाहीतर उद्याच दुपारी कारखान्याचा ट्रक येतोय, जुन्या बॅटऱ्या न्यायला. शिसं वितळवून नव्या करतात. त्यात दिलीत की तुमच्या डोक्याचा ताप गेला. पुढचा ट्रक कधी येईल त्याचा नेम नाही आणि मेलेली बॅटरी मी दुकानात ठेवून घेत नाही. काय करू?"

"लावा चार्जिंगला," ती म्हणाली. "काय ते उद्या सांगते."

घरी आली ती पायाला भिंगरी लागल्यासारखी. मशीनवर बसली, उठली, पुन्हा बसली. कपडे शिवून देणं हा तिचा धंदा, एका नर्सबाईंचा युनिफॉर्म द्यायचा होता. डावी बाही उजवीकडे लावली, उसवली आणि पुन्हा डावीच उजवीकडे लावली. शिवणकामात जन्म गेला आणि ही तऱ्हा! कात्री शोधत घरभर फिरली, तर कात्री हातातच. मग फडकं घेऊन गाडीच्या काचा पुसायला गेली. अर्धी काच पुसली आणि वाटलं, कुणासाठी पुसतेय मी ही? उद्या ओढून नेणाऱ्यासाठी? फडकं तिथेच टाकून आत आली.

उस्ताद भिंतीकडे तोंड करून होता. जेवण पुढे ठेवलं तर चिवडल्यासारखं केलं.

"काय म्हणाला बॅटरीवाला?"

"उद्या सांगतो म्हणाला."

"त्याला नीट सांगितलंस ना, रोज चालू करत होतीस म्हणून?"

वाटी, चमचा, सगळं तिच्या जिभेच्या टोकावर आलं. एक वाक्य आणि माणूस तोंडात मारल्यासारखा गप्प झाला असता. पण त्याच्या उजव्या हाताची बोटं चादरीवर आत वळलेली दिसली आणि तिने जीभ चावली. "सांगितलं हो," म्हणून आत गेली आणि भांड्यांवर राग काढला. राग तरी कुणाकुणाचा! नवऱ्याचा, दिराचा आणि सगळ्यात जास्त त्या डॉक्टरचा. त्याला काय झालं होतं ज्याचं त्याला सांगायला? बाहेर बोलावून बायकोच्या पदरात टाकलं आणि आपण हात धुऊन मोकळा! बॅटरी जगली तर हा पुन्हा चेंडू दाबणार, पुन्हा म्हणणार मी उठेपर्यंत सांभाळ, आणि आपण पुन्हा तेच खोटं रोज सकाळी चावी फिरवून चालू करणार. बॅटरी गेली तर गाडी गेली. गाडी गेली तर हा भिंतीकडून इकडे तोंड करणार नाही. तिला घरात श्वास पुरेना. दोरा आणायचं निमित्त करून ती पुन्हा दुकानात जाऊन आली.

"बाई, ते काय दूध आहे का, सारखं उतू जातंय का बघायला?" बॅटरीवाला खेकसला. "उद्या या!"

दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा ट्रक आधीच येऊन उभा होता. दोन माणसं दुकानातल्या जुन्या बॅटऱ्या उचलून ट्रकात रचत होती. तिची बॅटरी वायरी काढून उंबऱ्याजवळ ठेवलेली.

"या. तुमचीच वाट बघत होतो," बॅटरीवाला म्हणाला. "धरला हिने जीव. लोड देऊन, ताण सोसते का ते बघितलं. आतल्या सहा घरांपैकी पाच झकास आहेत, सहावं थोडं रडतंय. चालेल. पण एक अट आहे. रोज अर्धा तास रस्त्यावर पळायला पाहिजे. पुन्हा तुमचा तो चावीचा खेळ करणार असाल तर आत्ताच ट्रकात टाका आणि मला तोंड दाखवू नका."

"गाडी चालवणारं घरात कुणी नाही. दिरालाही येत नाही."

"मग ट्रक."

"थांबा जरा."

ती दुकानाबाहेर आली. आत गेली. पुन्हा बाहेर आली. ट्रकचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. दिराचं ऐकलं तर आज संध्याकाळी सगळं संपतं, आणि नवरा कायमचा भिंतीकडे वळतो. नाही ऐकलं तर एक ना एक दिवस तो काठी टेकत गाडीपर्यंत येणार, आणि मग? सांगायचं ते सांगावं लागणारच होतं, आज नाही तर त्या दिवशी. ते टाळायची वाट काही तिला सापडेना. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता.

"घ्या रे, एवढी शेवटची," असं म्हणत एकाने उंबऱ्याजवळची बॅटरी उचललीसुद्धा.

"अहो! ती नाही!" वहिनी इतक्या जोरात ओरडली, की पलीकडच्या दुकानातला माणूस बाहेर आला. "ठेवा खाली! ती माझी आहे!"

त्याने घाबरून बॅटरी खाली ठेवली.

"आणि चालवणार कोण?" बॅटरीवाल्याने विचारलं.

"मी." डोक्याच्या आधी तोंडानेच उत्तर दिलं.

"येते?"

"शिकेन. का, या वयात शिकत नाहीत? जन्मभर पायाने मशीन चालवलंय मी."

"मशीन सुटून कुणाच्या अंगावर जात नाही, बाई," बॅटरीवाला म्हणाला. पण चष्मा डोळ्यांवर घेऊन त्याने तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि बॅटरी स्वतः उचलून पिशवीत ठेवली.

दिराने बॅटरी बसवली, पण सबंध वेळ तोंड वाकडं. "गिऱ्हाईक संध्याकाळी येईल. त्याला काय सांगू?"

"सांगा, गाडी विकायची नाही."

"आणि दादाला?"

"त्यांना मी सांगते."

"कधी?"

"आधी चावी फिरवा हो तुम्ही, भावोजी!" आत जाऊन कसं सुरू करायचं, याची ती मनात जुळवाजुळव करत होती. आधी चहा द्यायचा, मग बॅटरीचं सांगायचं, मग हळूहळू...

गाडी एका झटक्यात सुरू झाली. छान, भरदार घरघर. आणि तिची जुळवाजुळव पुरी व्हायच्या आत घराचं दार उघडलं.

उस्ताद दारात उभा होता. काठी डाव्या हातात, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, केस पाण्याने चापून बसवलेले. कुणाची मदत न घेता तो पायरी उतरला. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा, असं करत थेट गाडीपाशी आला. झटका आल्यापासून त्याच्या तोंडावर असा आनंद तिने बघितला नव्हता.

"ऊठ," तो धाकट्या भावाला म्हणाला. "सर बाजूला."

दीर चटकन उतरला. त्याने वहिनीकडे बघितलं आणि मग स्वतःच्या चपलांकडे. उस्तादने काठी गाडीला टेकवली, डाव्या हाताने दार धरलं आणि उजवा पाय आत टाकायला गेला. पाय उचलेना. पुन्हा प्रयत्न केला.

"अहो," वहिनी म्हणाली. "तुम्ही पलीकडे बसा."

"का?"

"बॅटरीसाठी गाडी रोज अर्धा तास पळवायची आहे. मी शिकणार आहे गाडी. तुम्ही शेजारी बसून शिकवायचं."

त्याला आधी कळलंच नाही. मग हसला, वाकड्या तोंडाने. "तू? नुसती चावी फिरवायचं काम दिलं होतं, तेवढ्यात बॅटरी मारलीस!"

झालं! दोन दिवस दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर आलं.

"मी मारली? मी? तुमच्या सांगण्याने मेली ती! बॅटरी पळण्याने भरते, चावीने नाही! रोज उभ्या उभ्या चालू केली, रोज थोडी थोडी संपवली. तुम्ही सांगितलंत म्हणून! तुम्हाला ठाऊक नव्हतं, कारण तुमची गाडी कधी उभी राहिलीच नाही. आणि मी वेडी, ताप अंगावर काढून, कंबर मोडून..." वर खिडकी उघडल्याचा आवाज आला. "काकू, आज धूर होणार आहे! खिडकी लावून घ्या!"

खिडकी मुकाट्याने लागली.

इंजिन चालूच होतं. कान देऊन उस्ताद ते ऐकत राहिला आणि मनातल्या मनात कसला तरी मेळ घालत असावा. थोड्या वेळाने त्याने मान हलवली. "बरोबर आहे," तो म्हणाला. "पळवायलाच हवी होती. मला सुचलं कसं नाही?" मग दारावरची पकड सैल झाली. तो तिच्याकडे वळला. "पण तू शिकणार म्हणजे... मी आता गाडी चालवणार नाही. हो ना?"

बघू या, म्हणता आलं असतं. डॉक्टरांना विचारू, म्हणता आलं असतं. इतके महिने तेच तर चाललं होतं. दिराने डोळ्यांनी खुणावलंही, नको म्हणून.

"नाही," ती म्हणाली. "डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. मला सांगवलं नाही."

तिला वाटलं, आता हा वळणार आणि सरळ पलंगावर जाऊन पडणार. मग त्याने काठी घेतली आणि तो चालायला लागला. घराकडे नाही. बॉनेटला अंग टेकत टेकत गाडीच्या पुढून वळसा घालून तो पलीकडच्या दाराशी गेला. दीर धावला तेव्हा त्याला काठीनेच लांब ठेवलं. दार उघडून बसला आणि लुळा पाय डाव्या हाताने उचलून आत घेतला.

वहिनी इकडून आत बसली. स्टिअरिंग धरलं. पाय खाली सोडले, ते हवेतच राहिले.

"सीट पुढे घे," उस्ताद समोर बघत म्हणाला. "ती माझ्या मापाची आहे. तुझे पाय पोचणार नाहीत."

"कुठून घ्यायची?"

"खाली दांडी आहे. ओढ."

तिने ओढली. इतकी वर्षं ती सीट एकाच जागी होती, ती हलायला तयार होईना. दिराने मागच्या दारातून हात घालून जोर लावला, तेव्हा ती करकरत बोटभर पुढे सरकली.

"पोचले?" उस्तादने विचारलं.

"नाही."

"अजून घे," तो म्हणाला. "अजून."